एका बॅचच्या दोन रंगांच्या बाटल्या: कोकम सरबताचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कुडाळ तालुक्यातल्या एका गावात अकरा बायकांचा बचत गट आहे. गावाचं, गटाचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. उन्हाळ्यात गट अमृत कोकम करतो, म्हणजे सरबताचा घट्ट पाक. शिवाय थोडं आगळ, थोडी सोलं. मी अन्नतंत्रज्ञान शिकलेली, अशा गटांना प्रक्रियेबद्दल सल्ला देते. या गटाला तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षण मीच दिलं होतं. पुढे हे महत्त्वाचं ठरतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पद्धत जुनीच. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, धुवायचे, अर्धे कापायचे, आतला बियांचा गर काढायचा (बियांचं मुठेल, म्हणजे कोकम तेल, होतं, त्याचा हिशोब वेगळा), सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे. गटाचं माप किलोभर सालीला दोन किलो साखर. सात-आठ दिवसांत साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि गडद लाल पाक सुटतो. तो गाळून मोठ्या पिंपात ओततात, बेंझोएट हे परिरक्षक मिसळतात आणि पिंपाच्या बुडाशी असलेल्या तोटीतून ७५० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या भरतात.

या पाकाला टिकवते ती साखर. नियमानुसार फळाच्या सिरपमध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात. ब्रिक्स मोजतात ते हेच. एवढ्या पाकात पाणी साखरेला इतकं बांधलेलं असतं की बहुतेक जंतूंच्या वाट्याला काही येत नाही. नेहमीच्या तापमानाला साखर विरघळते तीच मुळी ६७ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ६५ म्हणजे जवळजवळ भरलेला पाक. तरीही काही यीस्ट अशा गोडातही तग धरतात. त्यांच्यासाठी बेंझोएट. बेंझोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं आणि कोकमाच्या आंबटपणाबद्दल कोकणी माणसाला काही सांगायला नको.

त्या वर्षी दोन पिंपं भरली. पहिलं मेच्या पहिल्या आठवड्यात, कडक उन्हात. दुसरं मेच्या अखेरीस, तेव्हा चार दिवस मळभ होतं आणि दोनदा वळीव पडून गेला होता.

तक्रार

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या एका दुकानाला १० खोकी, म्हणजे १२० बाटल्या गेल्या. निम्म्या पहिल्या पिंपातल्या, निम्म्या दुसऱ्या. लेबलं मात्र मार्चमध्येच एकगठ्ठा छापून घेतलेली होती आणि सगळ्यांवर बॅच नंबर एकच.

२४ जूनला दुकानदाराचा फोन आला. तक्रारी दोन होत्या. काही बाटल्या फुगल्यात, बूड बाहेर आल्यामुळे फळीवर डुगडुगतात, आणि एकीचं झाकण गिऱ्हाइकाच्या हातात उडालं. दुसरी तक्रार त्याच्या मते जास्त गंभीर होती. “एकाच बॅचमध्ये दोन रंग कसे? काही लालभडक, काही फिक्या गुलाबी. एक तर लालमध्ये रंग घातलाय, नाहीतर फिक्यात पाणी.”

गटाच्या अध्यक्ष, ज्यांना गावात सगळे काकीच म्हणतात, भडकल्या. “आमच्या कोकमाक रंग कित्याक लागता? हात बघा आमचे!” फोनवर हात दिसत नाहीत, पण त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. मे महिनाभर या बायकांची नखं जांभळी असतात.

फोन तिथेच बिघडला. रंगाचा आरोप इज्जतीवर आला आणि फुगलेल्या बाटल्यांबद्दल कुणी शब्द काढला नाही. दुकानदाराने पैसे थांबवले आणि वानगीदाखल दोन खोकी, २४ बाटल्या, परत पाठवल्या. काकींनी मला बोलावलं ते “आमी रंग घालूक नाय” हे सिद्ध करायला.

आधी काय तपासलं

इथे पहिली चूक माझी. ज्याचा आरोप झाला तेच मी तपासत बसले, आणि दोन दिवस त्यात गेले.

बशीत थोडं सरबत पातळ करून चिमूटभर खायचा सोडा टाकला. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातला. आंबटात लाल, आंबटपणा मोडला की जांभळट, मग निळसर-मळकट. सरबताने तसाच रंग बदलला. कार्मोइसिनसारखा कृत्रिम लाल रंग सोड्याने असा पालटत नाही. बायका खूश झाल्या. मी फार खूश नव्हते, कारण या चाचणीतून एवढंच कळतं की नैसर्गिक रंग आहे. त्यावर कुणी कृत्रिम रंग शिंपडला असेल तर तो या खेळात लपून राहू शकतो. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबतसुद्धा सोड्याला असंच वागतं.

मग लोकरीच्या धाग्याची चाचणी. पांढरी शुद्ध लोकर आंबट द्रावात उकळली की असे कृत्रिम रंग तिला घट्ट धरतात. तो धागा धुऊन अमोनियाच्या पाण्यात उकळला की रंग सुटतो, आणि ते पाणी पुन्हा आंबट करून दुसरा धागा टाकला की तोही रंगतो. फळाचा रंग दुसऱ्या धाग्यापर्यंत पोचत नाही. अडचण भलतीच आली: कुडाळच्या बाजारात मिळते ती विणकामाची ‘लोकर’ बहुतेक अॅक्रिलिक, या चाचणीला निरुपयोगी. शेवटी एका घरातून धनगराची जुनी घोंगडी निघाली, तिच्या पांढऱ्या पट्ट्यातले धागे उसवून घेतले. लाल आणि फिकी, दोन्ही सरबतांत पहिला धागा मळकट गुलाबी झाला, अमोनियात हिरवट, आणि दुसरा धागा पांढराच राहिला.

म्हणजे कृत्रिम रंग नसावा. पण मग फिका रंग आला कुठून? पाणी घातलं म्हणावं तर फिक्या बाटल्या दाट होत्या, चमच्यावरून सावकाश ओघळत होत्या.

खरं कारण

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या २४ बाटल्या ओसरीवर उजेडात मांडल्या, रंगाप्रमाणे, फिकीपासून लालपर्यंत. मग प्रत्येकीतला थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या उपकरणावर, घेतला. बायका त्याला दुर्बीण म्हणतात. लाल बाटल्यांपैकी न फुगलेल्या दहा सगळ्या ६६ दाखवत होत्या. हे पहिलं पिंप. फिक्या होत्या आठ, त्या ६५. त्यांच्या आणि फुगलेल्यांच्या मध्ये दोन बाटल्या रंगानेही मधल्या होत्या: एक ६१, एक ५४. आणि फुगलेल्या चार लाल बाटल्या ४० च्या आसपास. आंबलेल्या सरबताचा आकडा जसाच्या तसा धरायचा नसतो. यीस्टने काही साखर खाल्लेली असते आणि झालेला अल्कोहोलही वाचन बिघडवतो. पण ६५ वरून ४० वर फक्त आंबल्यामुळे येणं शक्य नव्हतं. तो पाक मुळातच पातळ होता.

दुसऱ्या पिंपात रंग गडद होत जातो तसा पाक पातळ होत जातो! पाणी घातल्याचा संशय फिक्यांवर होता आणि पाणी निघालं लालमध्ये. हे उलटं गणित बघून मी विचारायला लागले की दुसऱ्या पिंपाच्या दिवशी नक्की काय काय झालं.

हळूहळू कळलं ते असं. सेक्रेटरी वहिनी लग्नासाठी सावंतवाडीला गेल्या होत्या. बेंझोएट संपलं होतं. घरच्या बाईने फोन केला, वहिनींनी सांगितलं, कपाटात दुसरी पांढरी पुडी आहे ती घाल, तेवढीच. ती पुडी आंबा स्क्वॅशसाठी आणलेल्या केएमएसची, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची. आंब्याला ते चालतं, कारण आंब्याचा पिवळा रंग कॅरोटिनचा. कोकमाच्या रंगाला त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड चिकटतो आणि रंग उडवतो. म्हणून जांभूळ, कोकम अशा रंगीत फळांना केएमएस घालत नाहीत. हे प्रशिक्षणात मी सांगितलं होतं. पुडीवर लिहिलेलं नव्हतं.

शंका फेडायला फिक्या बाटलीतलं वाटीभर सरबत पाणी घालून पातेल्यात उकळलं. आधी जळत्या काडेपेटीच्या काडीसारखा वास नाकात गेला, एक जण खोकत बाहेर पळाली. पाच-सात मिनिटांत वास कमी झाला आणि पातेल्यातलं पाणी डोळ्यांदेखत गुलाबीचं लाल होत गेलं. सल्फर डायऑक्साइड उडून गेला, रंग परत आला. “ह्या बघ गो, आमचाच रंग,” काकी म्हणाल्या.

आता पातळपणाचं. मळभामुळे बरण्यांत साखर पूर्ण विरघळली नव्हती, तळाशी आणि सालींना चिकटून राहिली होती. साखर टाकून द्यायची कशी? सुटलेला पाक, साधारण ८० लिटर, पिंपात गाळून त्यात केएमएस ढवळलं. दुसऱ्या दिवशी साली आणि बरण्या कोमट पाण्याने धुऊन ते लाल, गोड पाणी, साधारण २० लिटर, वरून पिंपात ओतलं. ढवळलं असं सगळ्या म्हणाल्या, पण डाव किती खोल गेला हे कुणालाच सांगता येईना. जड पाकावर पातळ पाणी तरंगत राहतं, खास जोर लावल्याशिवाय मिसळत नाही. खाली ६५ चा केएमएसने फिका झालेला पाक, वर परिरक्षकाविना लाल पाणी.

ब्रिक्स मोजला होता का? हो. वहीत नोंद आहे: ६५. नमुना तोटीतून घेतला होता, म्हणजे पिंपाच्या बुडातून. तोटीतून घ्यायला शिकवणारी मी. पिंपात थर राहू शकतात हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण प्रयोगशाळेत आम्ही बीकरमध्ये शिकतो आणि बीकर ढवळलेला असतो.

एक खूण मात्र त्याच दिवशी दिसली होती. बाटल्या भरणारी म्हणाली, “शेवटी शेवटी तोटी मस्त धावत होती, आम्हाला वाटलं, बरं झालं, लवकर आटपेल.” घट्ट पाकाची तोटी आपोआप धावायला लागते तेव्हा पाक बदललेला असतो.

पर्याय

गटाची बैठक झाली. समोर तीन रस्ते होते.

पहिला, काही न बोलता सगळा माल परत घ्यायचा आणि पैसे सोडायचे. भांडण मिटतं, पण रंग घातल्याचा डाग राहतो.

दुसरा, कृत्रिम रंगाची तेवढी चाचणी प्रयोगशाळेत करून घ्यायची आणि अहवाल दुकानदाराच्या तोंडावर मारायचा. याला जोर होता. खर्च कमी, आणि निकाल काय येणार हे आम्हाला माहीत होतं.

तिसरा, ब्रिक्स, आम्लता, बेंझोएट, सल्फर डायऑक्साइड आणि कृत्रिम रंग, सगळं तपासायचं आणि जे येईल ते सांगायचं.

चौथा पर्याय एकीने सुचवला: फुगलेलं सरबत उकळून, साखर वाढवून पुन्हा भरूया. त्यावर मी वेळ घालवू दिला नाही. आंबलेला पदार्थ उकळून यीस्ट मरतं, पण चव आणि झालेला बदल परत फिरत नाही. असा माल पुन्हा बाटलीत भरून विकणं म्हणजे ज्या भेसळीचा आरोप आपल्यावर आला आहे तीच करणं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात बराच वेळ गेला. कोण चूक यावर बोलणं जात होतं आणि वहिनी गप्प होत्या. मी लेबल वाचून दाखवलं: परिरक्षक, आयएनएस २११. म्हणजे बेंझोएट. फिक्या बाटल्यांत ते नव्हतंच, होतं आयएनएस २२४, म्हणजे केएमएस. रंग आम्ही घातला नव्हता हे खरं, पण लेबल खोटं होतं हेही खरं. शिवाय सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते अॅलर्जीकारक म्हणून लेबलवर लिहावं लागतं, कारण काही दमेकऱ्यांना त्याने धाप लागते.

इथे वहिनी पहिल्यांदा बोलल्या. त्यांच्या मुलाला दमा आहे. “माज्या झिलान ह्या प्यायला असता तर?” त्यानंतर मतदान झालं नाही. तिसरा रस्ता ठरला.

केलेली कारवाई

पहिल्या पिंपाची एक, फिकी एक आणि फुगलेली एक अशा तीन बाटल्या पुण्यातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेल्या. खर्च गटाला जड होता, निम्मा मी घातला. माझा वाटा मला त्यात दिसत होता.

अहवालात तिन्हींत कृत्रिम रंग आढळला नाही. पहिल्या पिंपात बेंझोएट मर्यादेच्या आत. फिक्या बाटलीत बेंझोएट नाही आणि सल्फर डायऑक्साइड ३९० पीपीएम, म्हणजे किलोमागे ३९० मिलिग्रॅम. सिरपची मर्यादा ३५०. मोजलेली पुडी १०० लिटरच्या हिशोबाची होती, पडली ८० लिटरमध्ये, त्यामुळे हे अपेक्षितच. फुगलेल्या बाटलीत दोन्ही परिरक्षकं जवळजवळ नाहीत.

प्रयोगशाळेने विचारलं, कोकमच आहे याचीही खातरजमा हवी का? एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर अँथोसायनिनचा ठसा काढता येतो. कोकमात सायनिडिनचे दोन प्रकार दिसतात, लाल अंबाडीत डेल्फिनिडिनही असतं, त्यामुळे दोन्ही वेगळी ओळखता येतात. आरोप तो नव्हता, म्हणून आम्ही ती चाचणी टाळली. हे कोकम सिंधुदुर्गातलंच की घाटापलीकडचं, हे मात्र त्या ठशावरून सांगता येत नाही. भौगोलिक मानांकनाचा शिक्का अशा कामात फळखरेदीच्या वहीवरच उभा असतो.

अहवालाची पूर्ण प्रत दुकानदाराला पाठवली, सोबत मराठीत एक पान: काय झालं, कुठल्या बाटल्या परत पाठवा, कुठल्या विकायला हरकत नाही. बॅच नंबर एकच असल्यामुळे बाटल्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न उरलाच. शेवटी रंगावरून सांगावं लागलं: फिक्या सगळ्या, आणि लालमधल्या ज्या उलट्या केल्यावर पाण्यासारख्या हलतात त्या. शास्त्राच्या पुस्तकात ही पद्धत सापडणार नाही. दुकानदाराला धोका नको होता, त्याने दुसऱ्या पिंपाच्या सोबत पहिल्या पिंपाच्याही आठ-दहा बाटल्या परत पाठवल्या. आम्ही हरकत घेतली नाही.

दुसऱ्या पिंपाच्या उरलेल्या ७३ बाटल्यांपैकी ३० घरातच होत्या. त्या ओतून टाकल्या. बाकी ४३ स्टॉलवर आणि सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांना विकल्या गेल्या होत्या. ओळखीतल्या लोकांना फोन करून, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश टाकून १९ चा पत्ता लागला. त्यातल्या सहा पिऊन झाल्या होत्या. एकाने सांगितलं, फेसाळतं होतं, मुलांना सोडा म्हणून आवडलं.

परिणाम

दुकानदाराने पहिल्या पिंपाच्या विकल्या गेलेल्या बाटल्यांचे पैसे दिले. रंगाचा आरोप मागे घेतो असं शब्दांत तो म्हणाला नाही. पुढच्या हंगामात ऑर्डर आली ती निम्मी, आणि अट अशी की प्रत्येक पिंपाचा नंबर वेगळा हवा आणि ब्रिक्सची नोंद सोबत हवी. त्या वर्षी गटाचा नफा गेला. बाटल्या भरणाऱ्या नव्या दोघींनी काम सोडलं. त्यांना कुणी दोष दिला नव्हता, पण बैठकीत त्यांच्याकडे बघितलं गेलं होतं.

आता लेबलवर बॅचची जागा मोकळी असते आणि पिंप भरल्यावर रबरी शिक्क्याने नंबर मारतात. नमुना तीन ठिकाणांहून घेतात: वरून, मधून, तोटीतून. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा ढवळायचं. बेंझोएटच्या पुड्या हंगामाआधीच वजन करून लाल कागदात बांधतात. केएमएस दुसऱ्या घरात, आंब्याच्या सामानाबरोबर.

वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त खटकतो तो पहिला फोन. रंग की पाणी, या प्रश्नाला “तुमच्याकडे किती फुगल्या, किती फिक्या, वेगवेगळ्या मोजून सांगा” एवढं उत्तर दिलं असतं तर दोन दिवस आणि घोंगडीचे धागे वाचले असते. फुगलेल्या चारही लाल, आणि फिकी एकही फुगलेली नाही, हे मोजणीतूनच दिसलं असतं.

धुतलेल्या पाण्याचा मोह टाळायला हवा होता असं म्हणणं सोपं आहे. पण त्यात खरोखरच बरीच साखर होती, आणि साखरेचे पैसे गटाने उधार आणले होते. ते पाणी वेगळं ठेवून, आणखी साखर विरघळवून, ६५ ला आणून, मग पिंपात घालता आलं असतं. किंवा तेवढ्या दिवशी घरोघर सरबत वाटून संपवता आलं असतं. लेबल आधी छापून घेण्यात बचत होते, तो मोहही मला कळतो. त्यावर बॅच नंबर छापण्याचा मात्र काही फायदा नव्हता.

पुढच्या वर्षी २६ मेला पुन्हा मळभ आलं. सरबताची साखर न उघडता बायकांनी उरलेले रातांबे आगळासाठी मिठात घातले. एकीने सवयीने आगळाचा थेंब दुर्बिणीवर घेतला, वीसच्या पुढचा आकडा आला, आणि मला फोन केला: “मॅडम, ह्यात साखर खंयसून इली?” दुर्बिणीला साखर आणि मीठ यातला फरक कळत नाही, हेही मी कधी सांगितलं नव्हतं.